गोमुखाची पूर्वतयारी

“साठी बुद्धि नाठी” ही म्हण आमच्या घरांत वडील माणसांसमोर कोणी उच्चारीत नाहीं. तथापि सन 2023 च्या संक्रांतीस, तिळगूळ वांटून झाल्यावर, “यंदा गणपति झाले कीं आम्ही गंगोत्रीस जाऊं व तेथून पायीं गोमुखापर्यंत जाऊं,” असें आम्हीं जाहीर केलें, तेव्हां ती म्हण घरांतील प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आम्हांस स्वच्छ वाचतां आली. आमचें वय त्या वेळीं चौसष्ट. थोरले बंधू वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां “बरें” इतकेंच म्हणाले. वहिनींनीं, गणपतींच्या मागोमाग पितृपक्ष लागतो, याची आठवण दिली. सूनबाईंनीं आमच्या गुडघ्यांची मोठ्या आस्थेनें चौकशी केली. आमची सौभाग्यवती मात्र वादांत पडली नाहीं. ती स्वयंपाकघरांतून बाहेर आली, “मग मलाही बूट लागतील,” म्हणाली, आणि पुन्हां आंत गेली.

या खटाटोपाचें कारण सांगितलें पाहिजे. आम्हीं चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’चा आरंभ हिमालयाच्या वर्णनानें होतो, त्यांत देवदार आहेत, भूर्जवृक्ष आहेत, आणि भूर्जाच्या सालीवर विद्याधरांच्या स्त्रिया प्रेमपत्रें लिहितात असा उल्लेखही आहे. हा भाग आम्हीं किती वर्गांना समजावून दिला असेल त्याची गणती नाहीं. परंतु भूर्जाचें झाड जन्मांत पाहिलें नव्हतें. एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, “सर, भूर्जपत्र हाताला कसें लागतें हो?” आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, “मऊ.” मुलानें तें वहींत उतरून घेतलें. ठाऊक नसतां दिलेलें तें उत्तर निवृत्तीनंतर आम्हांस वरचेवर आठवूं लागलें. जें आयुष्यभर शिकविलें तें एकदां डोळ्यांनीं पाहावें, हाताला लावून पाहावें, हाच या प्रवासाचा हेतु. पुण्यसंचय झालाच तर तो वरकड लाभ.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोणाच्या ना कोणाच्या मनांत अशी इच्छा दडलेली असते. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून आमच्या तयारीचा वृत्तांत येथें देत आहों. आणि त्या तयारींत जें चुकलें तेंही गाळणार नाहीं.

प्रथम हवेचा विचार करूं. उंच गेलें म्हणजे हवेंतील प्राणवायु कमी होतो असें आपण म्हणतों. तें अर्धेंच खरें आहे. हवेंत प्राणवायूचा वांटा समुद्रकांठीं शंभरांत सुमारें 21 असतो, तसाच तो पर्वतशिखरावरही असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकांठीं हा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटर उंच स्तंभास तोलून धरतो. गोमुखाच्या वाटेवर भोजबासा म्हणून मुक्काम आहे, त्याची उंची सुमारें 3,800 मीटर. तेथें तोच दाब शेंकडा 63 च्या आसपास भरतो. म्हणजे पूर्वीं एका श्वासाबरोबर जेवढा प्राणवायु आंत येत असे, त्याच्या तीन भागांपैकीं जेमतेम दोन भाग येतात. ही तूट भरून काढण्याची विद्या शरीराजवळ उपजतच आहे. श्वास खोल व जलद होतो, नाडी वेगानें चालते, रक्तांतील तांबड्या पेशी हळूहळू वाढूं लागतात. परंतु या कामास दिवस लागतात, आणि ते दिवस देण्यांत कंजूषपणा करून चालत नाहीं.

याविषयीं जाणत्यांचा नियम असा आहे कीं, 3,000 मीटरांच्या वर गेल्यानंतर आदल्या रात्रीं जेथें निजलों असूं त्याहून 500 मीटरांपेक्षां अधिक उंचीवर दुसऱ्या रात्रीं निजूं नये, आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस त्याच जागीं मुक्काम करावा. दिवसा वर फिरून यावें, रात्रीं खालीं येऊन निजावें. हा नियम मोडला म्हणजे डोकें दुखूं लागतें, अन्न नकोसें होतें, मळमळतें, चक्कर येते, झोंप लागत नाहीं. एवढ्यावर सांवरलें तर उत्तम. तसेंच वर जात राहिलें तर फुप्फुसांत पाणी सांचून बसल्या जागीं धाप लागते व खोकल्याबरोबर फेंस येतो. किंवा मेंदूस सूज येऊन माणूस झोकांड्या खाऊं लागतो व असंबद्ध बोलूं लागतो. या दोन अवस्थांत जिवावर बेततें. यांवर पहिला उपाय एकच, तो म्हणजे विलंब न लावतां खालीं उतरणें.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. डोंगर चढण्याचा सराव असला म्हणजे विरळ हवा बाधत नाहीं, अशी आमची समजूत होती. ती सर्वस्वीं चुकीची आहे. सरावानें पाय व छाती तयार होते. विरळ हवेची संवय विरळ हवेंतच होते. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाईचें, तें 1,646 मीटर. गंगोत्री 3,100 मीटरांच्या आसपास, म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. सह्याद्रींत कितीही भटकलें तरी या बाबतींत पूर्वतयारी होणें नाहीं. उलट धट्टेकट्टे तरुणच पुष्कळदां आधीं आजारी पडतात. कारण पाय चालतात म्हणून ते भराभर वर जातात.

ही माहिती आम्हांस मिळाली ती आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. तो आतां डॉक्टर आहे. त्यानें आम्हां उभयतांचा रक्तदाब, रक्तांतील साखर व हिमोग्लोबिन तपासलें, हृदयाचा आलेख काढला, आणि सरकत्या पट्ट्यावर चालवून तो आलेख पुन्हां काढला. “सर, हृदय चांगलें आहे,” तो म्हणाला, “मला काळजी तुमच्या स्वभावाची वाटते. वर्गांत ताप असला तरी तुम्ही तास सोडीत नव्हतां. तेथें तसें करूं नका.” त्यानें ॲसिटाझोलामाइड नांवाच्या गोळ्या लिहून दिल्या. या गोळीनें श्वास खोल होऊन शरीर लवकर रुळतें; मात्र सल्फा जातीचीं औषधें ज्यांस सोसत नाहींत त्यांनीं ती घेऊं नये, आणि कोणींही वैद्याच्या सल्ल्याविना घेऊं नये. बोटांस मुंग्या येतात व लघवीस वारंवार जावें लागतें, हेंही त्यानें आधींच सांगून ठेवलें होतें.

फेब्रुवारीपासून आम्हीं पर्वतीचा नेम धरला. पायऱ्या 103. पहिल्या महिन्यांत एकदां चढूं-उतरूं, पावसाळ्यापर्यंत तीनदां. एप्रिलपासून रविवारीं सिंहगड. आतकरवाडीकडून वर जाणारी वाट सुमारें सहाशें मीटर चढते. गंगोत्रीहून भोजबासापर्यंतची चढण सातशें मीटरांची, पण ती चौदा किलोमीटरांत पसरलेली. तेव्हां पायांपुरतें बोलावयाचें तर ज्यास सिंहगड सुखानें चढतां येतो त्यास ती वाट अवघड नाहीं. पाठीवर प्रथम रिकामी पिशवी, मग दोन किलो, मग सहा, असें ओझें वाढविलें. गुडघे दुखतात ते चढतांना नव्हे, उतरतांना. म्हणून उतरणीचाही अभ्यास करावा, पाऊल लहान टाकावें व काठी दोन्ही हातीं असावी.

या अभ्यासांत एक गोष्ट आमच्या ध्यानीं आली, पण तिचा अर्थ तेव्हां उमगला नाहीं. आम्ही झपाट्यानें पन्नास पावलें जाऊं आणि धापा टाकीत उभे राहूं. सौभाग्यवती मुंगीच्या गतीनें मागून येई, कोठें थांबत नसे, बोलत नसे, आणि आम्ही घाम पुशीत असतां शेजारून पुढें निघून जाई. आम्ही तिला म्हणूं, “अगं, जरा दम धर.” ती म्हणे, “मला दम लागलाच नाहीं, तर धरूं काय?”

बुटांच्या बाबतींत आम्ही ठकलों. एका दुकानदारानें घोट्यापर्यंत येणारे उत्तम बूट दाखविले. ते अंगठ्याशीं किंचित् आंखूड वाटतात म्हणून सांगितलें, तर “वापरून सैल होतील” असें उत्तर मिळालें. ते सैल झाले नाहींत; दोन नखें काळीं पडलीं. पुढें दुसरे घेतले. बूट संध्याकाळीं, पाय किंचित् सुजलेले असतां, लोकरी मोजे घालून घ्यावे. उतारावर अंगठा टोंकास लागतां कामा नये. आणि यात्रेपूर्वीं निदान दोन महिने ते पायांत असावे. कपड्यांविषयीं नियम एकच: एक जाड वस्त्र घेण्यापेक्षां तीन पातळ घ्यावीं. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारें, त्यावर लोकरीचें, त्यावर वारा व पाऊस अडविणारें. सुती सदरा भिजला म्हणजे लवकर वाळत नाहीं व अंगांतील ऊब खातो. दर हजार मीटरांस सरासरी साडेसहा अंशांनीं हवा थंड होते, आणि ऊन मात्र तितकेंच अधिक भाजतें. म्हणून कानटोपीबरोबर काळा चष्मा व कडेची टोपीही लागते.

फराळाचें खातें सूनबाईंकडे होतें, आणि तें त्यांनीं फार अकलेनें सांभाळलें. उंचावर पाणी लवकर उकळतें हें शाळेच्या पुस्तकांत आपण सर्व शिकलों आहों. त्याचा स्वयंपाकाशीं संबंध लावावा असें आमच्या डोक्यांत आलें नव्हतें. भोजबासास पाणी सुमारें 87 अंशांवर उकळतें. म्हणजे झांकणाच्या दाबाचें भांडें नसेल तर तुरीचें वरण दोन तास रटरटलें तरी दाणा सबंधच. म्हणून शिजविण्याचें असें कांहींच न देतां त्यांनीं मेतकूट, भाजलेले पोहे, शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लहान लाडू, खजूर व सुकें खोबरें बांधून दिलें. शिवाय लिंबाचें गोड लोणचें व आंवळासुपारी. कारण त्या उंचीवर भूक मरते, आणि जिभेला जें ओळखीचें तेंच घशाखालीं उतरतें. पाणी दिवसांतून तीन-चार लिटर प्यावें, तहान नसली तरी प्यावें. कोरड्या हवेंत श्वासावाटे पुष्कळ पाणी निघून जातें व तें कळत नाहीं.

वनखात्याचा परवाना काढावा लागतो. एका दिवसांत 150 माणसांहून अधिक लोकांस गोमुखाच्या वाटेवर सोडीत नाहींत. आम्हीं परवान्यांत एक दिवस जादा मागून घेतला होता. तो पुढें कामास आला.

शेवटची तयारी कागदावरची. डॉक्टरांचे शब्द लक्षांत घेऊन आम्हीं एक करारपत्र लिहिलें. सोबत आमचा पुतण्या येणार होता. त्याचें वय सव्वीस. कलमें अशीं: पहिलें, डोकें दुखूं लागल्यास कोणीं लपवूं नये. दुसरें, दुखणें असतां आणखी वर जाऊं नये. तिसरें, दुखणें वाढल्यास त्याच दिवशीं, रात्र असली तरी, खालीं उतरावें, आणि उतरणाऱ्यास एकटें सोडूं नये. चौथें कलम सौभाग्यवतीनें घालावयास लावलें: जे बरे असतील त्यांनीं केवळ भिडेखातर परत फिरूं नये. आम्हांस हें कलम फार आवडलें. दुखणें पडलेंच तर तें तिलाच पडणार, आणि आपणांस पुढें जाण्याची मोकळीक ती थोर मनानें आतांच देऊन ठेवीत आहे, अशी आमची समजूत झाली. आम्हीं आनंदानें सही केली. थोरल्या बंधूंनीं साक्ष घातली.

त्यांनींच पितृपक्षाचा प्रश्नही सोडविला. “पक्ष मी घालतों,” ते म्हणाले, “सर्वपित्रीस गंगेचें पाणी घेऊन ये म्हणजे झालें.”

अनंत चतुर्दशीस विसर्जन करून दुसऱ्या दिवशीं आम्ही निघालों. एका प्रवासी मंडळीनें हरिद्वारापासून हरिद्वारापर्यंत चार दिवसांत गोमुख दाखविण्याचें पत्रक धाडलें होतें. वरील नियम वाचल्यावर असल्या घाईचा विचार सोडला. आम्हीं उत्तरकाशीस एक रात्र घालविली. तिची उंची 1,150 मीटरांच्या आसपास. तेथेंच एक वाटाड्या ठरविला. पुढें हर्षिलास दोन रात्री, अडीच हजार मीटरांहून अधिक उंचीवर. हर्षिलाजवळ धराली गांव लागे. तेथील बाजारांत आम्हीं सफरचंदें घेतलीं, चहा घेतला, आणि एका दुकानाच्या पायरीवर बसून पलीकडचें हिम पाहिलें. तो बाजार आतां राहिला नाहीं. 5 ऑगस्ट 2025 रोजीं खीरगंगेच्या ओढ्यास अकस्मात् आलेल्या चिखलदगडांच्या लोंढ्यानें तो कांहीं क्षणांत गाडला गेला. माणसें दगावलीं व बेपत्ता झालीं. ज्या पायरीवर आम्ही बसलों होतों ती कोठें असेल हें मनांत येऊन त्या दिवशीं घरांत कोणास जेवण गेलें नाहीं. पर्वतांत जाणाऱ्यानें आपल्या शरीराइतकीच आभाळाचीही चौकशी ठेवावी, पावसाळ्याचे महिने टाळावे, आणि ओढ्याच्या तोंडाशीं मुक्काम करूं नये, हें आम्ही तयारीच्या यादींत आतां सर्वांत वर लिहितों.

गंगोत्रीसही दोन रात्री ठरल्या होत्या. मधल्या दिवशीं वाटेनें थोडें वर जाऊन परतलों. येथपर्यंत सर्व यथासांग. मात्र थंडींत रात्रीं तीन-तीनदां उठावें लागे म्हणून आम्हीं ती गोळी कोणास न सांगतां बंद केली. दुसऱ्या रात्रीं झोंप नीट लागली नाहीं, आणि पहाटे कपाळाच्या मागें एक बारीक ठणका होता. पुतण्यानें कराराप्रमाणें विचारलें, “काका, डोकें कसें आहे?” आम्ही म्हणालों, “कांहीं नाहीं.” हें उत्तर आम्हीं त्या मुलाच्या ‘मऊ’ इतक्याच तत्परतेनें दिलें.

दुसरीही एक चूक जाणूनबुजून केली होती. गंगोत्रीहून भोजबासा म्हणजे एका दिवसांत सातशें मीटर; नियम पांचशेंचा. मध्यें चीरबासा लागतें, सुमारें 3,600 मीटरांवर, आणि तेथें रात्र काढली असती तर तो नियम पाळला गेला असता. पण त्यास तंबू हवा, आणि तंबूचें ओझें व खर्च आम्हांस फाजील वाटला होता.

ती वाट मात्र जन्मभर विसरणार नाहीं. उजव्या हातास खोल दरींत भागीरथी. प्रथम देवदार, मग चीरबासाचीं सूचिपर्णी झाडें, आणि पुढें झाडें विरळ होत जाऊन केवळ दगड. गीलापहाड म्हणून एक टप्पा आहे, तेथें वरून धोंडे निसटून येतात. वाटाड्यानें आम्हांस एकेकास, न बोलतां, भराभर पार केलें. पलीकडच्या कड्यावर भरल जातीचीं रानटी मेंढरें उभीं होतीं. भोजबासा म्हणजे भूर्जवृक्षांचें वसतिस्थान. पण सरपणासाठीं पूर्वीं इतकी तोड झाली कीं तेथें आतां नांवच राहिलें आहे. वाटेंत एका ओढ्याकांठीं थोडीं झाडें भेटलीं. आम्ही काठी टाकून त्यांजपाशीं गेलों. साल वरून पांढरट, आंत किंचित् गुलाबी. पापुद्र्यावर पापुद्रा, आणि सुटलेला पापुद्रा वाऱ्यानें फडफडत होता. हात लावला. तें मऊ नव्हे. कोरडें, गुळगुळीत व चिवट, जुन्या पोथीच्या पानासारखें. आम्ही तेथें बराच वेळ उभे राहिलों, आणि तें सर्वस्वीं भक्तीमुळें नव्हतें. आम्हांस चालवत नव्हतें.

भोजबासास पोंचलों तेव्हां चार वाजले होते. समोर भागीरथीचीं तीन शिखरें, त्यांतील सर्वांत उंच 6,856 मीटर, सूर्यास्ताच्या उजेडांत तांबडीं झालीं होतीं. आम्हीं त्यांजकडे पाठ केली. उजेड सोसवत नव्हता. विश्रामगृहांत खिचडीचा वास आला आणि पोटांत होतें तें बाहेर पडलें. ती रात्र आम्हीं उशीला टेकून बसून काढली. पुतण्या दर तासाला पाणी पाजीत होता आणि श्वास मोजीत होता. त्यानें काय मोजलें तें त्यानें आम्हांस अजून सांगितलेलें नाहीं.

सकाळीं सौभाग्यवतीनें अंगणांत काठीनें एक रेघ ओढली व तीवर टांच पुढच्या पावलाच्या बोटांस लावीत चालावयास सांगितलें. आम्ही झोक न जातां चाललों. म्हणजे मेंदूवर गोष्ट गेली नव्हती. तेवढ्यावर आम्हांस हुरूप आला. गोमुख तेथून चार किलोमीटर. उंचीही फारशी वाढत नाहीं. “दोन तासांचा प्रश्न आहे,” आम्ही म्हणालों, “इतक्या दूर येऊन चार किलोमीटरांसाठीं परत फिरणें हा शुद्ध वेडेपणा आहे. सावकाश जाऊं. डोकें दुखतें तें उपाशी पोटामुळें.” वाटाड्या मान हालवीत होता. पुतण्या खालीं पाहत होता. काकास नाहीं म्हणण्याचें वळण त्यास आम्हींच लाविलेलें नव्हतें.

सौभाग्यवतीनें कमरेच्या पिशवींतून तो करार काढला, उलगडला, आणि आमच्या पुढें धरला. “अहो, हें अक्षर तुमचेंच ना?” ती म्हणाली.

आम्हीं जन्मभर मुलांच्या चुका लाल शाईनें दाखविल्या. त्या सकाळीं आमचेंच शुद्धलेखन आमच्यासमोर होतें, आणि त्यांत चूक नव्हती. तेव्हां गंगोत्रीच्या ठणक्याची व सोडलेल्या गोळीची गोष्टही आम्हीं सांगून टाकली. ती रागावली नाहीं. “दुसरें आणि तिसरें कलम तुमचें,” ती म्हणाली, “चौथें माझें.” पुतण्यानें आम्हांबरोबर उतरावें व तिनें वाटाड्यासह पुढें जावें असें ठरलें. विश्रामगृहांत एक बंगाली दांपत्य होतें, तेंही गोमुखाकडेच निघालें होतें. त्यांची सोबत मिळाली.

उतरतांना चीरबासा येईपर्यंत डोकें निम्म्यानें हलकें झालें. गंगोत्रीस पोंचतांच आम्हांस कडकडून भूक लागली व मेतकूट कालवून पोह्यांचे दोन बकाणे भरले. हवेचें हें गणित इतकें सरळ आहे. परंतु ती रात्र भोजबासाच्या रात्रीहून कठीण गेली. वर दूरध्वनि लागत नाहीं. एकसष्ट वर्षांची बायको, जिला आम्हीं कधीं स्वारगेटच्या पलीकडे एकटी धाडली नव्हती, ती 3,800 मीटरांवर, आणि आम्ही खालीं पोटभर जेवून पांघरुणांत. आपण तिच्या जागीं असतों तर चौथें कलम पाळलें असतें कीं नाहीं, असें शंभर वेळां मनांत आलें. पाळलें असतें, आणि त्याची आम्हांस त्या रात्रीं लाज वाटली. आम्ही दोघेही वर गेलों असतों तर ती लाज वाटण्यास प्रसंगच मिळाला नसता, हेंही खरें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं दोन वाजतां ती वळणावर दिसली. तीच मुंगीची चाल, तोच न थांबण्याचा नेम. जवळ आली, काठी टेकविली, आणि तांब्याचा झांकणाचा गडू आमच्या हातांत दिला. “बर्फ पांढरें नाहीं हो,” ती म्हणाली. “राखाडी आहे. मातीदगडांनीं भरलेलें. मोठी भिंत आहे, तिच्या खालून पाणी जोरानें निघतें. वरून दगड पडतात म्हणून फार जवळ जाऊं देत नाहींत. मी बाजूच्या प्रवाहांतून भरून घेतलें.” वाटाड्यानें तिला जुनें हिमाचें तोंड कोठवर होतें त्या जागा दाखविल्या होत्या. ही हिमनदी सुमारें तीस किलोमीटर लांब आहे, आणि सन 1935 पासूनच्या मोजण्यांवरून पाहतां विसाव्या शतकांत तिचें मुख दरवर्षीं सरासरी वीस मीटरांच्या आसपास मागें हटत गेलें. चौतीस वर्षांच्या आमच्या अध्यापनांत तें निदान अर्धा किलोमीटर दूर गेलें असावें. आम्हीं जें वर्गांत शिकवीत होतों तें तेवढ्यांत जागेवरही राहिलें नव्हतें.

सर्वपित्रीच्या आदल्या रात्रीं घरीं पोंचलों. गडू वहिनींच्या स्वाधीन केला. थोरल्या बंधूंनीं सर्व हकीकत ऐकली, आणि शेवटीं विचारलें, “करारावर माझी साक्ष होती ना?” “होती,” आम्ही म्हणालों. “मग ठीक,” म्हणून ते उठले. सूनबाईंनीं त्या दिवसापासून सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी सोडून दिली आहे.

वाचकांस आमचें सांगणें थोडकें आहे. वैद्यास दाखवावें. सहा महिने चालावें. बूट मोठे घ्यावे. दिवस मोजून नव्हे, मोकळ्या हातानें घ्यावे, आणि एक दिवस राखून ठेवावा. ही तयारी पैशानें व मेहनतीनें होते. परत फिरण्याची तयारी मात्र वर गेल्यावर होत नाहीं, कारण तेथें बुद्धीसही हवा कमी पडते. ती घरीं, शांतपणें, चार माणसांसमोर, लिहून करावी लागते. आणि ज्याच्यावर आपला पूर्ण भरंवसा आहे अशा माणसाच्या हातीं तो कागद द्यावा. स्वतःजवळ ठेवूं नये.

गोमुख आम्हीं पाहिलेलें नाहीं. भूर्जपत्र हाताला कसें लागतें तें मात्र आतां सांगतां येईल. तो मुलगा कोठें भेटला तर सांगणार आहों. रस्ता व आभाळ यांचा भरंवसा वाटला तर पुन्हां एकदां जाण्याचा विचार आहे. यादी सुरू केली आहे. तींत पहिली वस्तु तंबू, म्हणजे चीरबासास एक रात्र काढतां येईल. करारांतही एक कलम वाढविलें आहे: “गोळी बंद करावयाची झाल्यास चारचौघांत सांगावें.” सौभाग्यवती पुन्हां येणार कीं नाहीं असें विचारलें, तर म्हणाली, “तुम्हांला परत खालीं कोण आणणार?”